धुराड्यातले देव

महाराजपूरच्या पुढे आमचं जुनं घर आहे. हातभर जाडीच्या भिंती, चारी बाजूंनी व्हरांडा, दोरीनं उघडायची रोशनदानं, छपरावर मातीचे कवेलू. ऐंशीला टेकलेले काका पाहुण्यांना हे सगळं दाखवतात आणि शेवटी देवघरापाशी आणून उभं करतात. भिंतीत दगडी कमान, कमानीत खोल कोनाडा, त्यात आमचे देव. कोनाड्याच्या वर थेट आभाळापर्यंत पोकळी.

"मराठ्यांच्या चाकरीत आलेल्या आमच्या पूर्वजानं बांधलं. उजेड सरळ बाळकृष्णावर उतरतो. असा झरोका अख्ख्या जबलपुरात नाही."

नाहीच. कारण पाऊसही सरळ बाळकृष्णावर उतरतो. सर आली की बाकीचे दोरीवरचे कपडे काढायला धावतात आणि मी छत्री घेऊन देवघराकडे. व्याही पहिल्यांदा आले तेव्हा मी असाच मांडी घालून, देवांवर छत्री धरून बसलो होतो. काही व्रत असेल असं समजून ते हात जोडून मागच्या मागे गेले.

"वरून बंद करून टाकू," मी दरवर्षी म्हणायचो.

"पूर्वजांच्या हातचं काहून बुजवून राहिला?" काका दरवर्षी म्हणायचे.

यंदा सून आली. हिंदी घरातली, घरांचे नकाशे काढते. तिनं कोनाड्यात मान घालून वर पाहिलं आणि नाकाला काजळी लावून बाहेर आली.

"आजोबा, ये तो फायरप्लेस है. कोणा साहेबानं थंडीसाठी बांधलंय. वर धुराडं आहे."

"काजळी धुपाची आहे," काका म्हणाले.

"एवढा धूप?" हे मी. गप्प बसायला काय झालं होतं मला?

काका जेवले नाहीत. उभा जन्म या घराचा इतिहास सांगण्यात गेलेला, आणि तो चुलीत निघाला. संध्याकाळी मला म्हणाले, "म्हणजे आपण बांधलं नाही, घेतलं?"

"तसंच दिसतंय."

"आणि देव विस्तवाच्या जागी बसवले."

"आजोबा, घरातली सबसे अच्छी जागा होती," सून म्हणाली, "म्हणून बसवले असतील."

काकांनी कमानीच्या दगडावरून हात फिरवला. "चलो. बुजवून टाक. साहेबाचंच आहे."

इतकी वर्षं मागितलेली परवानगी मिळाली, तर मलाच ती घेववेना. वरून झाकलं की देव अंधारात, आणि काकाही. शेवटी मीच शहाणपणा करून छपरावर चढलो आणि धुराड्याच्या तोंडावर जाड काच सिमेंटात बसवली. पाणी थांबलं, उजेड राहिला. माझ्या वजनानं कवेलू मात्र फुटले. आता माझ्या पलंगावर गळतं. छत्री तिकडे नेली आहे.

परवा पाहुणे आले. काकांनी त्यांना रोशनदानं दाखवली, व्हरांडा दाखवला, देवघरापाशी आणलं.

"धुराडं साहेबाचं, बरं का. पावसाचं त्याला काय कळणार? वर ती काच बघा. ती आमच्या पूर्वजानं बसवली."

सुनेनं माझ्याकडे पाहिलं. पूर्वज चहा सांगायला आत गेले.