जीपच्या बॅटरीची पूजा

सत्तर साली माझी पोस्टिंग पंजाबातल्या एका फील्ड वर्कशॉपला झाली. ट्रेड, व्हेइकल इलेक्ट्रिशियन. बंद पडलेल्या गाड्या ओढत यायच्या आणि चालत परत जायच्या, एवढंच आमचं काम. शौर्याच्या मोठ्या गोष्टी माझ्याकडे नाहीत. गावात कोणी विचारलं की किती दुश्मन मारले, तर मी सांगतो, फ्यूज पुष्कळ उडालेले पाहिले. विचारणारा निराश होऊन चहा पितो.

वर्कशॉपमधला पहिला धडा तपासणीच्या क्रमाचा. आधी बॅटरी, मग टर्मिनल, मग अर्थिंग, मग सेल्फ, म्हणजे इंजिनाला पहिला झटका देणारी मोटर. क्रम चुकला की उस्ताद हातातला पाना काढून घ्यायचे. माझ्या शेजारच्या बेंचवर नायक गोविंद झाडे होता. तो वडनेरचा, मी रोहण्याचा. इतक्या लांब आपल्या वर्धा जिल्ह्याचा माणूस भेटला म्हणजे सोयराच भेटला. लंगरमध्ये जेवायला बसून आम्ही वऱ्हाडीत सगळ्यांची टिंगल करायचो आणि कोणाला काही कळायचं नाही.

एकाहत्तरच्या लढाईत काफिल्यातला एक ट्रक वाटेत बंद पडला. आत जखमी जवान होते. गोविंदने बॉनेटखाली शिरून जळालेली वायर बदलली आणि ड्रायव्हरला ओरडून सांगितलं, "चल, निकल." ट्रक निघाला. पुढचा गोळा गोविंद उभा होता तिथेच पडला. तेव्हा त्याची मुलगी सुनंदा पाळण्यात होती.

एकोणनव्वदच्या उन्हाळ्यात सुनंदाचं लग्न ठरलं. मी तोवर हवालदार म्हणून पेन्शन घेऊन रोहण्याला शेती पाहत होतो. सुनंदाला सख्खा काका नाही, आणि विधवा आईने कन्यादान करायचं नाही ही आपल्याकडची रीत. पोरगी स्वतः रोहण्याला आली आणि म्हणाली, "काका, कन्यादान तुमी अन् काकू करा. दुसऱ्या कोनाले मी बाबाच्या जागी बसू देत नाई." मी हो म्हणालो. फौजेत हो म्हटलं की काम झालं असंच धरतात.

बायको हळदीसाठी आधीच वडनेरला गेली होती. लग्न गोरज मुहूर्तावर. मी आणि आई सकाळी माझ्या लिलावातल्या जुन्या जीपने निघणार होतो. पुलगाव, वर्धा, हिंगणघाट, वडनेर, असा रस्ता.

सकाळी सेल्फ मारला. टक्. डॅशबोर्डवरचा बारका बल्ब विझला. चावी सोडली की पुन्हा लागला. पुन्हा मारला, पुन्हा तेच.

जीप घरी उभी राहिली की मी बॅटरीच्या तारा काढून ठेवत असे. बॉनेट उघडलं तर तारा जोडलेल्या, वरून कण्हेरीची फुलं. फुलं आईची, हे कळलं. तारा मात्र मीच काढायला विसरलो आणि रात्रभरात बॅटरी उतरली, असं मी धरून चाललो. शेजारच्या चौघांना बोलावलं. त्यांनी जीप मारुतीच्या देवळापर्यंत ढकलली आणि तिथून परत आणली. जीप काही चालू झाली नाही. चौघे घामाघूम झाले. त्यातल्या एकाने विचारलं, "हवालदार, लढाईत बी अशाच ढकलत नेत व्हते काय गाड्या?"

सकाळची एसटी निघून गेली होती, आणि दुपारच्या गाडीने वर्धेला उतरून पुढची गाडी धरली असती तर अक्षता पडून पंगती उठल्या असत्या. मग मी अर्थिंगची पट्टी सोडून घासली, सेल्फची वायर तपासली, स्विच उघडून पाहिला. सगळं ठणठणीत. ऊन चढत होतं. खरं सांगतो, मला भीती वाटली. सुनंदा पाटावर बसली आहे आणि बापाची जागा रिकामी आहे, हे काही केल्या डोळ्यांपुढून हलेना.

ओट्यावर बसून पाणी प्यालो आणि डोकं ताळ्यावर आलं. बॅटरी उतरली हे मी ठरवलं होतं, तपासलं कुठे होतं? उस्तादांनी पाना नव्हे, मानच धरली असती. टेस्ट लॅम्प म्हणजे दोन वायरी लावलेला साधा बल्ब. फुलं बाजूला करून त्याची टोकं बॅटरीच्या शिशाच्या खुंट्यांना लावली. बल्ब लखलखला. तीच टोकं खुंट्यांवर कसलेल्या क्लॅम्पना लावली. बल्ब विझायला आला. खुंटी आणि क्लॅम्प यांच्यात केस जाईल एवढीही फट नव्हती, आणि वीज नेमकी तिथेच अडत होती.

पान्याने क्लॅम्प सोडला. आत हळदीकुंकवाचा वाळलेला जाड थर. दुसऱ्यातही तेच.

"आई, हे कोनं केलं?"

"म्याच केलं," आई सहज म्हणाली. "तूच म्हनत असते ना, बॅटरी गाडीचा जीव हाये म्हनून? चांगल्या कामाले चालली गाडी. मंग जिवालेच हळदकुकू नाई लावा काय? मंग तारा बी कसून देल्या. म्हटलं, सकाळी तुले घाई राहीन."

सत्तरीच्या बाईने पाना घेऊन नटबोल्ट कसले होते, आणि माझ्याहून घट्ट. मी हसायला लागलो तो थांबेना. घामाघूम चौघेही हसले. आई मात्र पूजेचं पुसू देईना. शेवटी तह झाला. खुंट्या मी चाकूने खरवडायच्या आणि निघालेलं कुंकू तिने बॅटरीच्या लाकडी पेटीला लावायचं. दोन्ही कामं झाली. सेल्फ मारला आणि जीप पहिल्याच फटक्यात गुरगुरली. ती पूजेनेच चालू झाली, असं आई वडनेरपर्यंत भेटेल त्याला सांगत होती.

आम्ही पोचलो तेव्हा नवरदेव पारावर आला होता आणि बँडवाले आपल्या कुवतीबाहेर वाजवत होते. बायकोने माझ्या काळ्या हातांकडे पाहिलं, मला माठाजवळ नेलं आणि साबण दिला.

कन्यादानाला बसलो. संकल्प सांगताना भटजी थांबले आणि त्यांनी वधूपित्याचं नाव माझ्या कानाशी येऊन हळूच विचारलं. गेलेल्या माणसाचं नाव शुभकार्यात मोठ्याने घेऊ नये, असं त्यांना वाटलं असेल. मला हळू बोलता येत नाही. परेडवर बोलतात तसं मी म्हणालो, "नायक गोविंद झाडे."

बँड थांबला. सुनंदाने मान वर केली. डोळे भरलेले होते आणि ती हसत होती.

"काका, आनखीन एक डाव घ्या नाव," ती म्हणाली. "मांगं माय बसली हाये. तिले ऐकू गेलं नसन."

मी घेतलं.