तात्यांचं मशीन मी पक्कं केलं

आता हसणारच आहात तर चहा आधी घ्या, मग सांगते. आणि मला काय वाटलं होतं ते पहिल्यांदा सांगते, म्हणजे काय झालं ते नीट कळेल.

मला वाटलं होतं, मी मुठ्यात एसटीतून उतरेन तेव्हा गाव संगणकासाठी आसुसून बसलेलं असेल. माझी शाळा मस्कतला झाली, कॉलेज इंग्लंडात. वडिलांचं गाव मी पाहिलेलं ते मे महिन्याच्या सुट्टीत, आठ-आठ दिवस. तेवढ्या ओळखीवर मी ठरवून टाकलं होतं की परत जायचं आणि बायकापोरींना संगणक शिकवायचा. तिकडच्या खोलीत हीटरला पाय लावून मी आराखडाही केला होता. पहिल्या वर्षी मुठा गाव, दुसऱ्या वर्षी सगळं मुठा खोरं, आणि पुढं, हसू नका म्हटलं ना, अख्खा मुळशी तालुका.

प्रत्यक्षात गावात संगणक होता एक, आणि तो पत्रिका जुळवायचा.

तो तात्यांचा. तात्या म्हणजे एसटीतून निवृत्त झालेले वाहतूक नियंत्रक. उभा जन्म खिडकीत बसून गाड्या पुकारण्यात गेलेला. निवृत्तीनंतर पुतण्यानं त्याच्या कंपनीत भंगारात काढलेला संगणक त्यांना आणून दिला आणि त्यात पत्रिकेचं सॉफ्टवेअर घालून दिलं. धंदा बदलला, आवाज तोच राहिला. "मुलीचा शुक्र सातव्या घरात लागलेला हाय. मंगळ आठव्यात. शनी उशिरानं धावतोय." ऐकणारा आपोआप पिशवी उचलायचा.

काय ते मशीन होतं. पांढऱ्याचा पिवळा पडलेला डबा, त्यावर तात्यांच्या सुनेनं विणलेलं क्रोशाचं झाकण, पुढं हळदीकुंकवाचं स्वस्तिक. सुरू केलं की आधी घसा खाकरायचं, मग बराच वेळ विचार करायचं, मग तो टँग टँग असा सूर. अजून कानात आहे.

आतली ऑपरेटिंग सिस्टीम होती अठ्ठ्याण्णव सालची. आणि नेमकं मी गावात आले त्याच सुमारास ती बनवणाऱ्या कंपनीनं जाहीर केलं की हिचे सुरक्षेचे अपडेट आता बंद. नवी सिस्टीम घालावी तर त्या डब्यात ती मावत नव्हती. मला जेवण जाईना. जगभरचे चोर टपलेत आणि तात्या निवांत अडकित्त्यानं सुपारी कातरतायत, असं चित्र दिसायला लागलं.

"तात्या, हे मशीन असुरक्षित आहे."

"कुणापास्नं?"

"बाहेरून कुणीही आत शिरू शकतं."

"बाहेरून म्हंजी कुटनं? त्याला इंटरनेट न्हाई. फोन हाय, त्यो पाऊस लागला की मरतो आन दिवाळीला जिता हुतो."

आबा, म्हणजे माझे थोरले चुलते, शेजारी बसले होते. मी त्यांच्याच घरी राहायचे. ते म्हणाले, "मीनल, मुठ्यात यष्टी दोनदा येती. चोर येणार कशानं?"

"फ्लॉपीतून, आबा."

आबांनी एक फ्लॉपी उचलली, उजेडात धरून दोन्ही बाजूंनी पाहिली आणि जपून जागेवर ठेवली. चोर जागा होऊ नये म्हणून असावं.

पण मी ऐकते कसली. कंपनीनं टाकून दिलेल्या मशीनसाठी जगात कुणीकुणी हौशी माणसं अपडेट गोळा करून ठेवत होती. मी कोथरूडच्या सायबर कॅफेत दिवसभर बसून ते उतरवले, सीडीवर घेतले आणि ती सीडी बाळासारखी मांडीवर घेऊन मुठ्याला परतले. कोण कुठली ती माणसं, पगार नाही की नाव नाही, आणि माझ्या तात्यांची काळजी करतात. पिरंगुटला गाडी थांबली तेव्हा मला भरून आलं होतं. शेजारच्या बाईनं विचारलं, "माहेरपणाहून का?"

आता फोन आपण झोपलेले असताना स्वतःच अपडेट होतो. कुणाला पत्ता लागत नाही, कुणी नारळ फोडत नाही. तेव्हा तसं नव्हतं. एकेक अपडेट हातानं घालायचा, मशीन बंद करून पुन्हा सुरू करायचं, टँग टँग ऐकायचं, मग पुढचा. तात्या खुर्ची ओढून बघत बसले.

"लाल डबा हाय ह्यो," ते म्हणाले. "परतेक थांब्यावर थांबतोय."

आणि अर्ध्या वाटेत लाइट गेली. आली तेव्हा मशीन खाकरलं, पण पुढं काही बोलेना. सिस्टीम पुन्हा वरून घालावी लागली. पुन्हा लाइट जायच्या आत उरकावं म्हणून मी घाईनं एंटर मारत सुटले. मशीन विचारी, मी एंटर मारी. त्यात एक प्रश्न होता की तुम्ही कोणत्या देशात आहात. उत्तर मशीननं आधीच भरून ठेवलेलं होतं. मी न वाचता एंटर मारला. तो एंटर तेवढा ध्यानात ठेवा.

सगळं झाल्यावर खात्री म्हणून मी माझीच पत्रिका काढली. माझी जन्मतारीख सव्वीस. तात्यांनी मागं काढलेल्या पत्रिकेशी तंतोतंत जुळली.

मग नारळ फुटला. पेढे आले. चार शब्द बोला म्हणाले, आणि मी चार शब्दांवर थांबणारी नव्हते. सुरक्षा म्हणजे काय, विश्वासार्हता म्हणजे काय, सगळं सांगितलं. शेवटी मी म्हणाले, "आता हे मशीन चुकणार नाही." टाळ्या पडल्या. दुसऱ्याच दिवशी तात्यांनी दारावर पाटी लावली: 'विदेशी तंत्राने पक्क्या केलेल्या मशीनवर अचूक पत्रिका'. पत्रिकेवर माझा काडीचा विश्वास नाही, हे मी भाषणात सांगायला विसरले नव्हते. ते कुणी ऐकलंच नाही.

आता सुरेखा. आबांची मुलगी, माझी चुलत बहीण, गावच्या बालवाडीवर शिकवायची. माझ्या होऊ घातलेल्या क्लासची पहिली विद्यार्थिनी. तिला स्थळ आलं होतं. अमोल, मूळचा सांगलीकडचा, हिंजवडीत नोकरी, महाळुंग्याला नव्या सोसायटीत मित्रांबरोबर खोली घेऊन राहायचा. पाहण्याच्या दिवशी त्याच्या बशीतले पोहे कुत्र्यानं खाल्ले आणि तो स्वतःच पोट धरून हसला. सुरेखा मला म्हणाली, "ताई, हसतो बरा." एवढंच. पण त्या दिवसापासून ती भाकरी थापताना गुणगुणायला लागली. दोन्ही घरं राजी होती. राहिली होती पत्रिका.

पूर्वी त्याची चिंताच नसायची. तात्यांच्या मशीनला माणुसकी होती. दोन्हीकडची मंडळी राजी दिसली की तात्या चष्मा पुसायचे, कुठला तरी अपवाद शोधायचे, आणि गुण जमायचे. पण आता दारावर पाटी होती.

आबा तात्यांकडून परत आले ते टोपी हातात घेऊन. "नऊ गुन. आन एकनाड. त्यांना न्हाई म्हणून कळवाय लागंल."

"तात्यांनी काही तोड नाही सांगितली?"

"म्हनले, आदी बगितलं असतं कायतरी. आता मशीन पक्कं हाय."

मग मी आबांना ऐकवलं. ग्रह कुठं, आपण कुठं, दोन माणसांचं सुख यंत्रानं ठरवायचं का. चांगलं लांबलचक ऐकवलं. आबांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग शांतपणे विचारलं, "मंग पक्कं कशाला केलंस?"



सुरेखा तांदूळ निवडत होती. खडा बाजूला टाकत, माझ्याकडे न बघता म्हणाली, "तूच म्हनालीस ताई, त्ये चुकत न्हाई." आबांनी कितीही सुनावलं असतं तरी चाललं असतं. हे नाही सोसलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी काकूंनी पदर खोचला. काकू म्हणजे सुरेखाची आई. "चल मीने. मला ऐकायचंय त्या मशीनच्या तोंडानं." तात्यांनी निमूट पत्रिका पडद्यावर काढली आणि सवयीनं पुकारायला सुरुवात केली. "चिरंजीव सौभाग्यकांक्षिनी सुरेखा. जन्ममास फाल्गुन, पक्ष वद्य…"

"थांबा," काकू म्हणाल्या. "फाल्गुन कुणाचा?"

"सुरेखाचा."

"माजी पोर लक्ष्मीपूजनाला झाली. दारात पनत्या लावत व्हते आन कळा आल्या. तुमचं मशीन तिला शिमग्याला जन्माला घालतंय व्हय?"

तात्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी मशीनकडे पाहिलं, आणि मला तो एंटर आठवला.

सुरेखाची तारीख चार, महिना अकरावा. पण अमेरिकेत महिना आधी लिहितात, तारीख मागून. माझ्या एंटरनं तात्यांचं मशीन अमेरिकेत नेऊन बसवलं होतं. त्यानं चार-अकरा वाचलं आणि सुरेखाला अकरा एप्रिलला जन्माला घातलं. माझी सव्वीस तारीख मात्र त्यानं सरळ वाचली होती, कारण सव्विसावा महिना अमेरिकेतही नसतो.

"नीट करा आन कागद धाडा," असं म्हणून काकू म्हशीची धार काढायला निघून गेल्या. मी मशीन भारतात आणलं. तात्या घाम पुसत म्हणाले, "म्हंजी बाराच्या आतल्या समद्या तारखा उलट्या?"

"सगळ्या."

"एक जून बी?"

तुम्ही गावाकडचे असाल तर ध्यानात आलंच असेल. शाळेत घालताना गुरुजींनी ज्यांची जन्मतारीख एक जून लिहिली, ते अर्धं गाव माझ्या एका एंटरनं सहा जानेवारीला जन्मलं होतं. तात्यांना शंका येणार तरी कशी? अर्ध्या गावाचा सूर्य आधी मिळून वृषभेत असायचा, तो आता मिळून धनूत जाऊन बसला होता.

"तात्या, अमोलची तारीख कोणती?"

"एक जून."

"खरी?"

"एक जून कुणाचा खरा असतो?" तात्या म्हणाले. "पर सोयऱ्याच्या कागदाला खोटं म्हनायची आपल्यात रीत न्हाई. घाल हाय तशी."

मी दोघांच्या तारखा सरळ करून घातल्या. मशीननं विचार केला. मी देव मानत नाही, पण त्या मिनिटाला कुणाकडे तरी बघत होते खरी. उत्तर आलं. गुण सात. आणि वर मंगळ.



"आदीचंच बरं व्हतं," तात्या म्हणाले.

मग मी माझ्या आयुष्यात पहिल्यांदा एका माणसाला म्हणाले, "तात्या, बघा ना काहीतरी. पूर्वी बघायचात तसं."

"कसं बघू? पाटी तू लावाय लावलीस."

कागद न घेताच मी घरी आले. तिन्हीसांज झाली होती. काकूंनी विचारलं, "कागद?"

"लाइट गेली," मी म्हणाले.

काकूंनी मान वर करून पाहिलं. आमच्या दोघींच्या डोक्यावर बल्ब लख्ख जळत होता. मग माझ्या ताटात एक भाकरी जास्त वाढली.

अंथरुणावर पडल्या पडल्या मी हिशेब मांडला. अमोलची तारीख खोटी म्हणावं तर पाहुण्यांचा अपमान. सुरेखाची म्हणावं तर काकूंचा. तात्यांना म्हणावं तर त्यांच्या उभ्या जन्माच्या अब्रूचा. मशीन आता अगदी बरोबर चालतंय हे खरं सांगावं, तर सुरेखाचं गुणगुणणं कायमचं बंद. ज्याला नावं ठेवल्यावर कुणाचंच वाईट होत नाही, असं त्या गावात एकच माणूस उरलं होतं. पण तिच्या क्लासला सोमवारपासून पोरी येणार होत्या. मशीन बिघडवणाऱ्या बाईकडे कोण आपली पोर शिकायला धाडेल?

सकाळी आबा ओट्यावर चहा पीत होते. सुरेखा अंगण झाडत होती. माझं ठरलं होतं.

"आबा, तात्यांचं मशीन मी बिघडवलं. माझ्या हातून देश चुकला. सुरेखाला त्यानं शिमग्याला जन्माला घातलं. त्यातून निघालेला एकही कागद खरा धरू नका. घरोघरी जाऊन मी आजच तसं सांगणार आहे."

झाडणं थांबलं. आबांनी बशी खाली ठेवली. "आन ह्या पोरीचं?"

आणि मग मी, संगणक शास्त्राची पदवीधर, ग्रहताऱ्यांवर भाषणं देणारी, माझ्या या तोंडानं म्हणाले, "जन्मतारीख सोडा, नावावरनं नावरास बघा, आबा. जुन्या लोकांचं तेच खरं."

"तात्या नावरास बोटावर मोजतो," आबा हळूच म्हणाले. "त्याला मशीन लागत न्हाई." आणि अंगणाकडे बघून त्यांनी टोपी डोक्यावर चढवली.

"दोन दिवस द्या," मी घाईनं म्हणाले, "मशीन मी पुन्हा पहिल्यासारखं…"

आतून, चुलीपासून न उठता, काकूंचा आवाज आला.

"बिगडवलंस त्ये बिगडवलंस, मीने. आता दुरुस्त कराय जाऊ नगं."