सिंको दे मायो, मुक्काम धाहरान

एका ऑफिसात पाच देशांची माणसं आणि चहाचं मशीन एकच असलं, की किस्से मुद्दाम गोळा करावे लागत नाहीत. सौदीतल्या या धाहरानमध्ये खिडक्या कितीही घट्ट लावा, संध्याकाळी टेबलावर वाळूचा पातळ थर असतोच. तसंच हे. कुणी आणत नाही, आपोआप साठतं! आमच्या मेंटेनन्स डिपार्टमेंटचे निम्मे किस्से तर एकाच तारखेचे आहेत. पाच मे. मेक्सिकन लोक तिला ‘सिंको दे मायो’ म्हणतात, म्हणजे नुसतं ‘मेची पाच तारीख’. आणि या सगळ्याला जबाबदार एक बाई : रोसा.

रोसा मेक्सिकोतल्या पुएब्ला भागातली. कॉम्प्रेसर, टर्बाइन असल्या फिरणाऱ्या यंत्रांची इंजिनिअर. उंचीने माझ्या खांद्याला लागते, आवाज मात्र प्लांटच्या भोंग्याला भारी!

*

ती आली त्याच वर्षीची गोष्ट. आमचा बॉस ग्रेग टेक्सासचा. मनाने अगदी लोणी. पाच मेला सकाळी तो भलामोठा केक घेऊन आला. वर क्रीमची रुंद मेक्सिकन टोपी.

“हॅपी इंडिपेंडन्स डे, रोसा!”

रोसाने केककडे पाहिलं, मग ग्रेगकडे. “थँक यू, ग्रेग. आमचा स्वातंत्र्यदिन सप्टेंबरात असतो. पण केक असू दे, खाऊन टाकू!”

“मग आज काय असतं?”

“आज आम्ही फ्रेंचांना हरवलं.”

मग तिने उभ्या उभ्या सगळं सांगितलं. साल १८६२. फ्रान्सच्या सम्राटाला मेक्सिकोत आपली सत्ता बसवायची होती. त्याची फौज तेव्हा जगातल्या सर्वांत दबदब्याच्या फौजांपैकी एक. पुएब्ला शहराबाहेरच्या टेकडीवर तिची गाठ पडली जुन्या बंदुकांच्या मेक्सिकन सैन्याशी आणि आसपासच्या गावकऱ्यांशी. दिवस मावळायच्या आत ती जगप्रसिद्ध फौज मागे फिरली!

“पण टेक्सासात तर आम्ही हा दिवस तुमच्यापेक्षा जोरात साजरा करतो!” ग्रेग म्हणाला.

“कारण ती बातमी ऐकून कॅलिफोर्नियातल्या आमच्याच लोकांनी मिरवणुका सुरू केल्या. परमुलखात राहणाऱ्याला अधूनमधून सांगावं लागतं, आम्ही कोण ते. या दिवसाचा धंदा करणारे बिअरवाले फार नंतर आले.”

ग्रेग कसनुसा हसला. “इथे तर बिअरही नाही.”

“म्हणून तर,” रोसा म्हणाली, “हा सण सगळ्यात शुद्ध सौदीतच होतो!”

*

आमचे सेफ्टी ऑफिसर मुकादम. दापोलीचे. गोष्ट अर्धवट सोडणं त्यांच्या स्वभावात नाही. त्यांनी चहाच्या मशीनपाशी रोसाला गाठलं.

“मागे फिरले ते पुन्हा आले नाहीत?”

“आले ना. पुढच्या वर्षी मोठी फौज घेऊन आले आणि शहर घेतलं.”

“अगं, मग जिंकले ते!”

“काही वर्षं. मग गेले.”

“मग तू सण कसला करतेस?”

“त्या दिवशी आम्ही जिंकलो, त्याचा!”

मुकादमांनी कपातला चहा संपवला आणि माझ्याकडे वळून मराठीत म्हणाले, “बरोबर आहे हिचं, मेधाताई. आपण पानिपत हरलो ते छाती काढून सांगतो. ही तर जिंकलीय!”

*

दुसऱ्या वर्षी रोसाने ठरवलं, आता केक नाही, मोले. मोले म्हणजे पुएब्लाचा मानाचा रस्सा. सुक्या मिरच्या, तीळ, दालचिनी आणि चक्क थोडं चॉकलेट, त्यात कोंबडी! पण तिला हव्या त्या मिरच्या शेजारच्या अल-खोबरच्या बाजारात कुठे मिळेनात. शेवटी आम्ही मुकादमांच्या घरी गेलो. शबाना वहिनींनी ब्याडगी मिरचीची बरणी पुढे केली.

रोसाने आईला व्हिडिओ कॉल लावला. आईने मिरची कॅमेऱ्यासमोर धरायला लावली, मग मोडायला, मग बी दाखवायला. ती तिकडून स्पॅनिशमध्ये ओरडत होती, वहिनी इकडून कोकणी मराठीत. मधे रोसा दुभाष्याचं काम करत होती, पण तिचं कोण ऐकतंय? वाटण भाजताना तर दोघी एकमेकींवर हात नाचवायला लागल्या. रोसा घाबरलीच. म्हणाली, “मेधा, भांडण झालं बहुतेक!”

कॉल संपला. वहिनींनी पदराने घाम पुसला.

“काय म्हणत होती हो ती?” मी विचारलं.

“मला काय माहीत? पण बाई बरोबर बोलत होती!”

तिकडे आईने रोसाला मेसेज पाठवला होता. अक्षरशः तेच!

*

आणि एका वर्षी पाच मेला खराखुरा फ्रेंच माणूसच आला!

आमचा एक कॉम्प्रेसर कुरकुरत होता. रोसा म्हणत होती, बंद करा, उघडा, आत बेअरिंग गेलंय. मशीन बनवणाऱ्या कंपनीने लुसियां नावाचा तज्ज्ञ पाठवला. त्याने ग्राफ दाखवले. सगळे आकडे मर्यादेत. “शटडाऊनपर्यंत, म्हणजे सगळा प्लांट दुरुस्तीला बंद होईल तोवर, चालवा,” तो म्हणाला.

ग्रेगला घाम फुटला. “रोसा, बंद केलं आणि आत काहीच निघालं नाही तर?”

“तर वर सांग, रोसाने बंद करायला लावलं. पण न उघडता ते फुटलं, तर शेजारी उभ्या असलेल्या माणसाला तू काय सांगणार?”

ग्रेगने मशीन बंद करायला सांगितलं. झाकण उघडलं, तर बेअरिंगला आरपार चीर! लुसियां टॉर्च धरून बराच वेळ बघत राहिला. मग सरळ उभा राहून म्हणाला, “मादाम, तुमचं बरोबर होतं.”

जेवायला पँट्रीत आलो, तर भिंतीभर रोसाच्या कागदी पताका. मुकादम घाईघाईने काढायला धावले, पण उशीर झाला होता. लुसियांने विचारलं, “आज कसला सण?”

सगळे आपापल्या ताटात बघायला लागले. रोसाने सांगितलं. सगळं. टेकडीसकट.

“आम्हाला शाळेत हे कधी शिकवलं नाही,” लुसियां म्हणाला आणि ताट हातात घेतलं. “मग आज मी इथे पाहुणा की कैदी?”

“कैदी,” रोसा म्हणाली. “कैद्यांना आधी वाढतो!”

*

रोसाच्या गावात दर वर्षी त्या लढाईचं नाटक भर रस्त्यात होतं. निम्मं गाव मेक्सिकन सैन्य, निम्मं फ्रेंच. फ्रेंच व्हायला कुणीच तयार नसतं. रोसाचे वडील, डॉन रामोन (डॉन म्हणजे आपल्याकडचं ‘राव’), रिटायर्ड बस ड्रायव्हर, ताडमाड उंच. त्यामुळे तरुणपणापासून फ्रेंचाची लाल विजार त्यांच्याच वाट्याला! दर वर्षी चर्चसमोर गोळी खायची, पडायचं, मरायचं.

यंदा हिवाळ्यात त्यांची बायपास झाली. आमच्याकडे शटडाऊन सुरू, रोसाला सुट्टी मिळेना. ती रोज फोन करून रडायची. वडील म्हणायचे, “तू तुझी यंत्रं बघ. माझं मी बघतो.” नाटकातून त्यांचं नाव काढलंय, असं आईने सांगितलं, तेव्हा कुठे तिच्या जिवात जीव आला.

पाच मेला संध्याकाळी आम्ही सगळे तिच्या क्वार्टरवर जमलो. तिकडे सकाळ. भाऊ फोनवरून नाटक दाखवत होता. फ्रेंच रांग पुढे आली आणि रोसा किंचाळली. मधोमध डॉन रामोन! लाल विजारीत!

“आईला माहीत नव्हतं,” भाऊ पुटपुटला.

बार उडाले. धूर झाला. रोसाने माझा हात इतका घट्ट धरला की बांगडी रुतली. धूर विरला, तेव्हा सगळी फ्रेंच फौज रस्त्यावर आडवी आणि डॉन रामोन एकटे उभे, हाताची घडी घालून.

पुन्हा बार उडाले. ते उभेच.

घोड्यावरचा मेक्सिकन सेनापती, म्हणजे गावचा बेकरीवाला, पुढे आला. “डॉन रामोन, पडा ना! अख्खं गाव खोळंबलंय!”

डॉन रामोन म्हणाले, “डॉक्टरांनी यंदा मरायला मनाई केलीय!”

सेनापतीने टोपी काढली, घोडा बाजूला घेतला. आणि अख्खं मेक्सिकन सैन्य, बँडबाजासकट, त्या एका फ्रेंच शिपायाला वळसा घालून पुढे गेलं.