आईच्या गुडघ्याची फवारणी

परवा सकाळी आईला घेऊन नाशिकमधल्या हॉस्पिटलात बसले होते. गुडघ्यातलं पाणी सुईने काढून तपासायला द्यायचं होतं... एवढंच काम. तरी मला एका जागी बसवत नव्हतं.

आईचा कृत्रिम सांधा जंतुसंसर्गामुळे काढावा लागला. औषधांनी संसर्ग दबायचा, पुन्हा उसळायचा. आता तिथे औषध मिसळलेल्या सिमेंटचा तात्पुरता सांधा आहे. पाणी स्वच्छ निघालं तरच नवा बसणार.

तपासणीआधी दोन आठवडे अँटिबायोटिक पूर्ण बंद. गोळी चालू असेल तर उरलेले जंतू लॅबमध्ये उगवत नाहीत आणि रिपोर्ट खोटाच चांगला येतो. मी अंबडच्या एका औषध कंपनीत मायक्रोबायोलॉजिस्ट आहे. आईला हे मीच समजावलं होतं.

आमचा नंबर जवळ आला. आईने वॉकर बाजूला सारला, पिशवीतून पाण्याची बाटली आणि एक स्ट्रिप काढली आणि सहज एक गोळी तोंडात टाकली.

"कसली गं?"

"तीच की. उरली व्हती."

"आई, बंद केली होती ना?"

"तुमी केली बंद. फवारणी मधीच सोडली की भुरी दुप्पट येती. तू एसीत बसणारी, तुला काय म्हाईत?"

मखमलाबादला आमची गुलाबाची शेती आहे; भुरी म्हणजे पानांवर येणारी पांढरी बुरशी. आईने आजवर एक फवारणी चुकवलेली नाही... गोळीही रोज घेत होती.

राग आला, पण त्याहून जास्त भीती वाटली. रिपोर्ट चांगला आला असता, आम्ही पेढे वाटले असते, आणि नवा सांधा त्याच जंतूंवर बसला असता. उठले आणि डॉक्टरांना सांगितलं.

"मावशी, आज सुई नाही," ते म्हणाले. "गोळी बंद करून पुन्हा पहिल्यापासून दोन आठवडे थांबायचं."

रिक्षात आई म्हणाली, "आन् तवर आतला रोग वाढला तर?"

"वाढला तर दिसेल. दिसावा म्हणूनच थांबायचं."

तिने पिशवीत हात घातला आणि उरलेली स्ट्रिप माझ्या हातात कोंबली. "धर. घरात राहिली तर मी खाईन."

आता येता-जाता मी तिच्या गुडघ्याला हात लावून बघते, गरम लागतोय का... ती हात झटकते. "कळी हाय का ती, सारखी चाचपायला?"

एकच गोष्ट डोक्यातून जात नाही. त्या दिवशीची गोळीही तिने घरीच खाल्ली असती, तर मला कधीच कळलं नसतं. पण माझ्यापासून लपवावं असं तिला वाटलंच नाही... तेवढ्यावर तिचा पाय वाचला.