नायकाला विचारा

"काळे, तांडा उठायला तयार आहे की नाही, एका शब्दात सांगा."

मुंबईहून संचालक साहेबांचा फोन होता. मी हिंगोलीच्या आमच्या भाड्याच्या ऑफिसात बसलो होतो आणि समोर दोन फायली होत्या. एकीत लिहिलं होतं, खालच्या तांड्यातली बेचाळीसच्या बेचाळीस घरं नव्या जागी जायला तयार आहेत. दुसरीत लिहिलं होतं, एकोणचाळीस घरांचा नकार आहे. तांडा एकच आणि दोन्ही फायलींवर शिक्का आमचाच.

"साहेब, एका शब्दात नाही सांगता येणार."

"मग चार शब्दांत सांगा, पण लवकर. बँकेनं काम थांबवलंय."

मी जिल्हा परिषदेतून उपअभियंता म्हणून रिटायर झालो. घरात बसून बायकोच्या फोडण्यांवर सूचना देऊ लागलो, तेव्हा तिनंच मला राज्याच्या पुनर्वसन प्रकल्पातल्या या कंत्राटी नोकरीकडे ढकललं. पद होतं जिल्हा समन्वयक. म्हणजे ज्याच्या हातात काही नाही आणि ज्याला सगळे विचारतात तो माणूस.

काम असं होतं. कयाधूच्या पुरानं कळमनुरीकडचा हा खालचा तांडा वाहून नेला होता. माणसं वाचली, घरं गेली. लोक वरच्या गायरानात पत्र्याच्या शेडमध्ये राहत होते. पुनर्वसनासाठी दोन आंतरराष्ट्रीय संस्था पुढे आल्या. एक बँक. ती राज्याला कर्ज देणार आणि त्यातून पक्की घरं होणार. दुसरी मदत संस्था. ती कर्ज देत नाही, अनुदान देते. शेड, पिण्याचं पाणी आणि लोकांशी बसून नव्या वस्तीचं ठरवणं ही कामं तिची. दोघींचा करार झाला होता की संस्था लोकांना तयार करेल, बँक घरं बांधेल आणि एकमेकींचे कागद दोघी मान्य करतील. कराराचा फोटो पेपरात आला होता. फोटोत सगळे हसत होते.

बँकेची एक अट असते, तिला सेफगार्ड म्हणतात. साध्या भाषेत सांगायचं तर बँकेच्या पैशामुळे कुणाला त्याच्या मनाविरुद्ध हलवायचं नाही. म्हणून प्रत्येक घराला वेगळं, एकटं गाठून विचारायचं, कुणाचा दबाव नको. अट चांगलीच आहे. तरुणपणी मी तलावाच्या कामावर टेप धरून उभा असताना, न विचारता उठवलेली माणसं पाहिली आहेत. त्यामुळे मी या अटीला कधी नाक मुरडलं नाही.

संस्थेनं आधीच तांड्याची बैठक घेतली होती आणि तिथं बेचाळीसही घरं हो म्हणाली होती. आता बँकेसाठी घरोघरच्या सर्व्हेचा फॉर्म मराठीत मीच केला. दोन चौकोन ठेवले, 'हो' आणि 'नाही'. सर्व्हेला कळमनुरीच्या दोन पदवीधर मुली नेमल्या आणि त्यांना बजावलं, "स्पष्ट 'हो' आलं नाही तर 'नाही'वर टिक करायची. मधलं काही नको." आयुष्यभर काँक्रीट केलेल्या माणसाला मधलं काही आवडत नाही. ते धरतं किंवा धरत नाही.

मुली प्रामाणिक होत्या. सांगितलं तसं केलं. 'हो' फक्त तीन घरांनी म्हटलं, खुद्द नायकानं आणि त्याच्या दोन भावांनी. नायक म्हणजे तांड्याचा मुखिया. त्याचा शब्द तांडा मानतो.

आता दिल्लीत बसलेल्या माणसाला यातून काय दिसणार? बँकेच्या सेन मॅडमनी मेल पाठवला की फक्त मुखियाचं कुटुंब राजी आहे, मग संस्थेनं घेतलेली बैठक दबावाखाली झाली होती का? संस्थेच्या मुंबई ऑफिसातून फर्नांडिस साहेबांनी उत्तर दिलं की आमच्या बैठकीचं इतिवृत्त आहे, फोटो आहेत, सह्या-अंगठे आहेत, तुमचा सर्व्हे कुणी केला? सर्व्हे मी केला होता. दोघं फार सभ्य इंग्रजीत भांडत होते आणि प्रत्येक मेलची प्रत मला येत होती.

इकडे आमच्या काळ्या जमिनीचा स्वभाव असा की पाऊस पडला की पायाचं खोदकाम दिवाळीपर्यंत विसरायचं. पावसाला दोन महिने होते. त्याआधी जोती उभी राहिली नाहीत तर बँक हा निधी दुसऱ्या जिल्ह्याकडे वळवणार होती. मग तांडा पत्र्यातच राहिला असता, किती वर्षं ते कुणीच सांगू शकत नव्हतं.

मी तांड्यावर गेलो तो रागातच. नायक धनसिंग राठोड शेडच्या सावलीत दोर वळत बसला होता. साठीचा, सडसडीत, हळू बोलणारा माणूस.

"नायक, बैठकीत सगळे हो म्हणाले. मग सर्व्हेत फिरले कसे? माझी मान अडकली ना."

"कोन फिरलं?"

"एकोणचाळीस घरं."

त्यानं दोर खाली ठेवला. "साहेब, तुमच्या पोरी आल्या. येकेकाला शेडच्या मागं नेलं अन् इचारलं, जाता का न्हाई. आता तांडा उठवायचा ही काय येकट्यानं सांगायची गोस्ट हाय का? आमी सोयरीक बी बसून ठरवतो."

"पण ते काय म्हणाले?"

"नायकाला इचारा म्हणले. दुसरं काय म्हणतेन?"

मी गाडीतून फॉर्मचा गठ्ठा आणला. एका मुलीनं, देव तिचं भलं करो, कोपऱ्यात पेन्सिलीनं उत्तरंही लिहून ठेवली होती. 'नायकाला विचारा.' 'नायकाला विचारा.' 'नायक सांगतील.' पानांमागून पानं तेच. त्या तांड्यात नायकाच्या शब्दानंतर एकट्यानं वेगळं उत्तर देणं म्हणजे त्याच्यावर अविश्वास दाखवणं. लोकांनी अदबीनं होकार दिला होता आणि माझ्या चौकोनानं त्याचा नकार केला होता. चूक मुलींची नव्हती, माझी होती. मला खरोखर लाज वाटली.

मी संचालक साहेबांना फोन करून सगळं सांगितलं.

"म्हणजे सर्व्हे चुकला. तसं लिहून टाका."

"लिहून बँक ऐकायची नाही, साहेब. सेन मॅडम आणि फर्नांडिस साहेब, दोघांना इथं आणा, एकाच दिवशी."

दोघं आले. मुंबईहून नांदेडपर्यंत एकाच विमानानं आणि तिथून दोन वेगळ्या गाड्यांनी. तांड्यातल्या लिंबाखाली सतरंज्या टाकल्या होत्या. बसण्याआधीच वाद सुरू झाला.

"प्रत्येकाचं उत्तर वेगळं हवं," सेन मॅडम हिंदीत म्हणाल्या. "मुखियासमोर गरीब माणूस नाही म्हणू शकत नाही."

"आणि एकट्याला बाजूला नेलं तर तो काहीच म्हणत नाही, हे आत्ताच दिसलं ना?" फर्नांडिस म्हणाले.

मी मनातून फर्नांडिसांच्या बाजूनं होतो. आज बैठक होईल, सगळे हो म्हणतील, मॅडमची खात्री पटेल आणि मी जेवायला हिंगोलीत असेन, असा माझा हिशेब होता.

नायकानं दोघांचं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "दोघांचं बी बराबर हाय. आमच्यात बैठकीला आधी नायक बोलतो. आज मी शेवटाला बोलतो. अन् लोकायनं माझ्याकडं बघायचं न्हाई."

तो सतरंजीच्या कडेला जाऊन पाठ करून बसला. लोक गांगरले. एकमेकांकडे पाहू लागले. मॅडमनी घड्याळ पाहिलं. फर्नांडिस वहीत काहीतरी लिहीत राहिले. मला वाटलं, झालं, आता दोन्ही फायली बुडाल्या.

मग मागच्या बाजूनं सोमलीबाई बोलल्या. म्हातारी एकटीच राहायची, दोन्ही डोळ्यांनी अधू. शेजारच्या कमलाबाईंचा हात धरून आली होती.

"नायक, तुमी जायचं म्हणलात म्हून मी गप व्हते. पर साहेब म्हणतेत, चिठ्ठ्या टाकून घरं देऊ. चिठ्ठीत माझं घर कुठं निघंल? कमला कुठं जाईल? ती मला पहाटं हाताला धरून भायेर नेते. हे चिठ्ठीला कसं कळंल?"

चिठ्ठ्यांची कल्पना माझीच होती. तीस वर्षांच्या नोकरीत मी एक शहाणपण शिकलो होतो की चिठ्ठी काढली की कुणाची कुरकुर राहत नाही. संस्थेला ती फार आवडली होती आणि इतिवृत्तात तिला 'पारदर्शक' म्हटलं होतं.

सोमलीबाई बोलल्या आणि बांध फुटला. एक बाई म्हणाली, आम्ही ऊसतोडीला जातो तेव्हा लेकरं शेजारणीकडे असतात, ती वस्तीच्या दुसऱ्या टोकाला गेली तर काय करू? एका म्हाताऱ्याचा आणि शेजाऱ्याचा गोठा एक होता, बैलजोडीही एक. जायला कुणाचीच ना नव्हती. पण शेजार सोडायला कुणी तयार नव्हतं, आणि हे आम्ही कुणी विचारलंच नव्हतं. बैठकीतल्या होकारातही ते नव्हतं आणि सर्व्हेतल्या नकारातही नव्हतं.

नायक पाठ करूनच बसला होता. बऱ्याच वेळानं वळला. "म्हंजे माझं व्हय बी कच्चंच व्हतं," म्हणाला. मला वाटलं नव्हतं तो चारचौघांत असं म्हणेल. मी तरी माझी चूक तोवर फक्त फोनवरच कबूल केली होती.

मी नव्या वस्तीचा नकाशा जीपच्या बॉनेटवर पसरला आणि पेन्सिल घेतली. "जुना तांडा सांगा. दाराला दार लागून कोण होतं?" बायका सांगत गेल्या, मी चौकोन काढत गेलो. अर्ध्या तासात जुना तांडा जसाच्या तसा नव्या जागेवर बसला. फक्त एक अडचण आली. नायकाचं घर नेहमी तांड्याच्या तोंडाशी असतं, आणि नव्या जागेचं तोंड नाल्याकडे होतं. सगळ्यात सखल प्लॉट तोच.

"नायक, तुमचं घर वर सरकवतो."

"नगं. नायकाचं घर तोंडालाच ऱ्हातं. पानी आलं तर आधी मला कळाया पायजे."

मी त्या घराचं जोतं दोन फूट वाढवलं. त्याहून जास्त मला करता येत नव्हतं.

पुन्हा घोडं अडलं. नकाशा बदलला की बँकेचं 'नो ऑब्जेक्शन' लागतं, म्हणजे आमची हरकत नाही असं पत्र. संस्थेला नवं इतिवृत्त लागतं. मॅडम म्हणाल्या, "आमच्या फॉरमॅटमध्ये घ्या." फर्नांडिस म्हणाले, "तसं केलं तर आमचं ऑडिट अडेल."

नायक म्हणाला, "साहेब, तुमी बी बसून ठरवा की. सतरंजी हायच."

आधी मॅडम हसल्या. मग दोघं खरंच बसले. प्रत्येक घराचं माणूस पुढं आलं, आपला चौकोन पाहिला, शेजारी कोण ते मोठ्यानं सांगितलं आणि सही किंवा अंगठा दिला. त्याच कागदाखाली बँकेची सही आणि संस्थेची सही. प्रकल्पात दोघींच्या सह्यांचा एकच कागद असा तो पहिलाच. पुढे मुंबईत त्याला 'जॉइंट प्रोटोकॉल' असं भारदस्त नाव मिळालं. त्यात सतरंजीचा उल्लेख नाही.

पाऊस आला तेव्हा बेचाळीस जोती जमिनीच्या वर आली होती. पुढच्या उन्हाळ्यात तांडा राहायला गेला.

माझ्या कंत्राटातलं शेवटचं काम समाधानाचा सर्व्हे हे होतं. त्याच मुली आणि तेच दोन चौकोन. तिसरा मी मागितला होता, पण बँकेच्या सॉफ्टवेअरमध्ये त्याला जागा नव्हती. मुलींना एवढंच सांगितलं की ज्याला विचारायला सांगतील, त्याला जाऊन विचारा.

सोमलीबाईंना मुलीनं विचारलं, "आजी, नव्या घरात समाधानी आहात का?"

"कमलाला इचार," म्हातारी म्हणाली.

मुलीला कुठं जावं लागलं नाही. कमलाबाई शेजारच्याच दारात तांदूळ निवडत बसल्या होत्या.