‘हलू नका’ची पाटी

जळगावात तोताराम फोटोवाल्याच्या स्टुडिओत गिऱ्हाइकाच्या नजरेसमोर एक पाटी होती : ‘हलू नका’. माणसांच्या चेहऱ्यांविषयी तोतारामला फारसं प्रेम नव्हतं. ते जागेवर राहावेत एवढीच त्याची अपेक्षा. कॅमेरा लाकडी, जुना. लेन्सची टोपी हातानं काढायची, मनात तीन मोजायचे, टोपी परत बसवायची. पंचवीस वर्षांत तो एकदाही चुकला नव्हता. लोकच हलत होते.

१९६३ साली झुंबरलाल शेठची मुलगी लाडकुंवर लग्नाच्या आदल्या आठवड्यात तिथे बसली. धुळ्याला सासरी गेल्यावर तोंडावर घुंगट येणार, म्हणून उघड्या चेहऱ्याचा हा एकच फोटो. तो पुसट आला. पोरगी हलली, असं तोतारामनं सांगून टाकलं. आई सुगनबाई होणाऱ्या विहिणीदेखत तिला बोलली, की जिला तीन मोजेपर्यंत गप्प बसवत नाही ती संसार काय करणार. पुन्हा फोटो काढायला सवड झाली नाही.

पाच वर्षांनी लाडकुंवर विषमज्वरानं गेली. सासरच्या सगळ्या फोटोंत घुंगटच होता, तोही अगदी स्पष्ट. सुगनबाई तो पुसट फोटो घेऊन आली. भिंतीवर लावायला मोठा हवा होता, आणि चेहरा दिसायला हवा होता.

तोतारामनं त्या फोटोची जुनी काच, म्हणजे निगेटिव्ह, शोधली, उजेडात धरली आणि भिंग लावलं. नाकातली चमकी म्हणजे उजेडाचा एक ठिपका. तो ठिपका उरला नव्हता, विळ्यासारखी बारीक रेघ झाली होती. कापडावर एकच ठसा जागोजागी उठवावा, तसा चेहऱ्याच्या प्रत्येक ठिपक्यानं आपापल्या जागी तोच विळा काढला होता. डोळ्याचे विळे गालाच्या विळ्यांवर पडले होते, गालाचे ओठांवर. पुसटपणा म्हणतात तो एवढाच. शेजारी तिवईवर स्टुडिओची पितळी फुलदाणी होती. तिच्या पोटावरही उजेडाचा एक ठिपका असायला हवा होता. तिथेही तोच विळा होता, तेवढाच, त्याच बाजूला वळलेला.

फुलदाणीचं लग्न ठरलेलं नव्हतं. तिला हलायचं काही कारण नव्हतं.

टोपी काढताना त्याच्या हाताचा धक्का कॅमेऱ्याला लागला होता.

एकमेकांवर पडलेले विळे सोडवून परत ठिपके करणं तोतारामला येत नव्हतं. मग फोटो मोठा करून त्यानं पेन्सिलीनं डोळे रेखले, ओठांना कड दिली. सुगनबाईनं तो बराच वेळ पाहिला.

“सुरेख आहे,” ती म्हणाली. “कोणाची मुलगी?”

तोतारामनं काच आणि भिंग तिच्या हातात दिलं. आधी चमकी दाखवली, मग फुलदाणी.

“म्हणजे ती गप्प बसली होती?”

“बसली होती, भाभी. मी हललो.”

“मी तिला विहिणीसमोर बोलले होते, तोतारामभाऊ.”

पेन्सिलीचा फोटो टेबलावर ठेवून, पुसट फोटोच पदराआड धरून सुगनबाई गेली.

स्टुडिओ पुढे दहा वर्षं चालला. पाटीही होती, पण समोरच्या भिंतीवर नव्हती. तोतारामनं ती गिऱ्हाइकाच्या पाठीमागे ठोकली होती. कॅमेऱ्याजवळ उभ्या माणसालाच ती वाचता येई.