मोटार येऊ लागली

आमच्या घराण्याचं परक्या देशाशी एकदाच वाजलं, आणि ते रस्त्यावरून वाजलं.

परका देश म्हणजे नगर. (हसू नका!) निजामाच्या राज्यातली ही गोष्ट. परभणीजवळ झरी म्हणून गाव आहे, त्याच्या पलीकडं दोन कोसांवर आमचं गाव, म्हणजे आम्ही मोगलाईतले. नगरवर राज्य इंग्रजाचं, म्हणून त्या मुलखाला आम्ही नुसतं 'इंग्रजी' म्हणायचो. "मामा कुठं गेलाय?" "इंग्रजीत गेलाय." ऐकणाऱ्याला वाटावं, मामा आता टोपी घालून, सायबासारखा फाडफाड बोलत परत येणार! पण तो बिचारा गेला तसाच परत यायचा. वाटेत करोडगिरीचं नाकं लागायचं, तिथं जकातवाल्यांपुढं गाठोडी सोडावी लागायची. पलीकडं गेलं की नाणंही बदलायचं. म्हणजे देश वेगळाच की!

तर या मामानं इंग्रजीतलं एक स्थळ माझ्या बहिणीसाठी, कौसासाठी, आणलं. मुलगा शाळामास्तर, निर्व्यसनी, सावळा पण तरतरीत. (हे सगळं मी नाही, कौसानं दाराच्या फटीतून पाहून ठरवलं होतं.) मुलाचे वडील भाऊसाहेब हे तिकडं रस्त्याच्या कामावर मुकादम. आणि इथंच आमच्या घोटाळ्याचा पाया पडला. चांगली खडी टाकून, वरून रूळ फिरवून पडला!

भाऊसाहेब मुलाला घेऊन आले होते मुलगी बघायला, पण बघत राहिले रस्ता. परभणी स्टेशनावर उतरून आमच्या बैलगाडीत बसताना त्यांनी पाण्यानं काठोकाठ भरलेला तांब्या दोन पायांच्या मध्ये ठेवला.

"आमच्याकडे मोटारीत असा तांब्या ठेवला, तर मुक्कामापर्यंत टिपूस सांडत नाही," ते मला म्हणाले. "बघू या तुमच्याकडे काय होतं."

आमच्याकडं पाणी सांडण्याची वेळच आली नाही. पहिल्याच चाकोरीला तांब्या पाण्यासकट गाडीतून उतरून गेला.

घरी आल्यावर ओसरीवर बैठक बसली. एका बाजूला भाऊसाहेब, समोर आमचे वडील, बापू. बापू मुळात कमी बोलणारे. पण कुणी मोगलाईला नाव ठेवलं की त्यांना कंठ फुटायचा.

"आमच्याकडे रस्त्याला दर मैलाला दगड असतो," भाऊसाहेब म्हणाले.

"आमच्याकडं दगडाला तोटा न्हाई," बापू म्हणाले. "मैलाची वाट बघत बसत न्हाईत आमी."

"रस्त्याच्या दोन्ही बाजूंना लिंबाची झाडं आहेत आमच्याकडे."

"आमच्याकडं मधी बी हायेत!"

मी त्या वेळी उर्दूतून ताजा ताजा मॅट्रिक झालेलो. राज्याची अब्रू आपल्याच शिरावर आहे असं त्या वयात वाटतं. मी मध्येच म्हणालो, "आमच्याकडं परभणीपर्यंत रेल्वे हाय!"

"ती दिसली. परभणीच्या पुढं काय आहे?"

"पुढं आमी हावोत की!"

त्यावर भाऊसाहेबांनी माझ्याकडं ज्या नजरेनं पाहिलं, त्या नजरेनं मुकादम उखडलेल्या खडीकडं बघतात.

पण माणूस मनाचा वाईट नव्हता. पोहे झाले, मुलगी दाखवून झाली, दोन प्रश्न विचारून झाले. मग भाऊसाहेब मोकळेपणानं म्हणाले, "मुलगी आम्हाला पसंत आहे. अडचण एकच. आमच्या आईची कंबर धरलेली आहे. बैलगाडीत ती पाय ठेवणार नाही, आणि तिच्यावाचून आमच्या घरात कार्य होत नाही. मोटारीचं जमत असेल तरच पुढचं बोलू. तुमच्या गावाला मोटार येते का?"

आतल्या खोलीतल्या बांगड्या वाजायच्या थांबल्या. आमच्या गावाला मोटार! आमच्या गावाला परभणीहून पाहुणा यायचा तरी तो वाटेत झरीला मुक्काम करायचा.

आणि त्याच वेळी गावाबाहेर धुरळा उठला. परभणीचे एक कापसाचे शेठ वर्षातून एखाद्या वेळी कापूस बघायला स्वतःच्या मोटारीतून यायचे. ते नेमके त्या दिवशी उगवले! पोरं धावली, कुत्री धावली, म्हातारी माणसं काठ्या टेकत धावली. बापू ओसरीवरून उठले, डोळ्यांवर हात धरून त्यांनी धुरळ्याकडं पाहिलं आणि आनंदानं म्हणाले,

"मोटार येऊ लागली!"

आता आमच्याकडं 'मोटार येऊ लागली' म्हणजे या घडीला, समोरून, डोळ्यांदेखत येते आहे. नगरकडं 'मोटार येऊ लागली' म्हणजे पूर्वी येत नव्हती, आता यायची सुरुवात झाली. रोज येते, उद्याही येणार!

"अस्सं?" भाऊसाहेब खूश झाले. "कधीपासून?"

"ही काय, आत्ताच."

"पार गावात येते?"

"पारापशी थांबती. चला, डोळ्यानंच बघा!"

भाऊसाहेबांनी पाराजवळ जाऊन मोटार बघितली, तिच्या पाठीवर म्हशीला थोपटतात तशी थाप मारली. शेठ सज्जन, पाहुणे परभणीला निघालेत म्हटल्यावर त्यांनी त्यांना आपल्याबरोबर बसवून घेतलं. तिथल्या तिथं सुपारी फुटली. जाताना भाऊसाहेबांनी भाड्याचं विचारलं, तर शेठ म्हणाले, "छे छे! तुमच्याकडनं भाडं घ्यायचं?"

झालं! मोगलाईत खेडोपाडी मोटार येऊ लागली आहे, आणि तीही फुकट, ही बातमी भाऊसाहेब थेट नगरला घेऊन गेले.

वैशाखातलं लग्न. तोंडावर आलं तेव्हा मामा इंग्रजीतून हसत हसत घरी आला. म्हणाला, "बापू, तुमची मोटार लय गाजायलीय तिकडं! फुकट मोटार म्हणून निम्मं गाव वऱ्हाडात निघालंय. म्हातारी तर रोज इचारायलीय, मोटारीत कोणच्या बाजूला बसू?"

"कोणची मोटार?" बापूंनी विचारलं.

"आता! तुमीच म्हणलाव न्हवं, येऊ लागली म्हणून?"

"मग येऊच लागली होती की! धुरळा दिसला न्हाई का त्यान्ला?"

घोटाळा पहिल्यांदा माझ्या लक्षात आला. (शिक्षणाचा उपयोग!) मी बापूंना शांतपणे समजावलं, की तिकडच्या मराठीत 'येऊ लागली' याचा अर्थ रोज येऊ लागली असा होतो. बापू ऐकून घेत होते. मग म्हणाले,

"म्हंजे आपल्याकडं 'पाव्हणा जेवू लागला' म्हणलं, तर तिकडं काय समजतेत? बिचारा जन्मात पहिल्यांदा जेवायलाय?"

पण हसण्यावारी नेण्यासारखं हे नव्हतं. खरं सांगावं तर मोगलाईचे लोक खोटारडे ठरणार, म्हातारी येणार नाही, आणि ठरलेलं लग्न मोडलं म्हणून कौसाच्या नावाचा गावोगाव बभ्रा होणार. आई देवापुढं जाऊन बसली. कौसा बाहेर आली. एरवी माझ्यापुढं मान वर न करणारी ही पोर मला म्हणाली, "दादा, मला ते पसंत हायेत. तुमी बापूस्नी याकरण शिकवू नका. मोटार आणा."

मी परभणीला गेलो आणि रहीमभाई नावाचा एक मोटारवाला पटवला. आधी रस्ता बघीन, मग हो म्हणीन, असं तो म्हणाला. म्हणून त्याला झरीच्या पुढं घेऊन आलो.

"सडक किदर है मियाँ?" त्यानं विचारलं.

"जिसपे तुम खडे हैं, वोइच."

"ये? ये तो खेत है!"

"नई. खेत बाजू में है. वो अच्छा है."

रहीमभाईनं कानाला हात लावला. शेवटी बहिणीच्या लग्नाची गोष्ट आहे असं काकुळतीनं सांगितलं, तेव्हा तो विरघळला. "बहन की बात है तो हौ बोलतूँ," तो म्हणाला. "मगर गाडी का जो होगा सो होगा."

लग्नाच्या दिवशी वऱ्हाड परभणीला उतरलं. मुहूर्त गोरज. बैलगाड्या भरपूर नेल्या होत्या, पण फुकट मोटारीसाठी आलेले लोक बैलगाडीकडं बघायलाही तयार होईनात! मोटारीत म्हातारी, तिच्या भोवती बायका, बायकांच्या मांडीवर पोरं, टपावर ट्रंका आणि ट्रंकांवर माणसं. भाऊसाहेब ड्रायव्हरच्या शेजारी. नवरदेव आणि मी मागं लोंबकळत. मोटार झरीपर्यंत कण्हत आली. आमच्या गावाअलीकडच्या कोरड्या ओढ्यात उतरली आणि वाळूत बसली ती बसलीच.

रहीमभाई आणि भाऊसाहेब सोडून सगळे पुरुष उतरले. ढकलून पाहिली, चाकं आणखी खाली गेली. सूर्य कलायला लागला. म्हातारीला उतरायची विनंती केली, तर ती म्हणाली, "मोटारीतून नेतो म्हणालात ना? मग मी मोटारीतच आहे. तुमचं चालू द्या."

तेव्हा मी डोकं चालवलं. (तिथं खरं तर मला कुणीतरी आवरायला हवं होतं.) मोटारीमागून रिकाम्या आलेल्या गाड्यांना आमच्या घरच्या दोन बैलजोड्या होत्या. त्या सोडल्या, मोटारीच्या पुढं जुंपल्या, जाड नाडा बांधला. मी ओरडलो, "हां! ओढा!" बैलांनी जोर लावला, मोटार हलली, काठावर आलीसुद्धा! वऱ्हाडानं टाळ्या वाजवल्या. आणि त्या आनंदाच्या भरात भाऊसाहेबांनी हात लांब करून भोंगा दाबला.

पों!

बैलांनी असला आवाज जन्मात ऐकला नव्हता. चौघांनी शेपट्या वर केल्या आणि रस्ता सोडून सरळ नांगरलेल्या रानातून धूम ठोकली. मागं मोटार! ढेकळावरून उडते आहे, आपटते आहे, पुन्हा उडते आहे; रहीमभाई सुकाणू धरून अल्लाचा धावा करतो आहे, भाऊसाहेब रामाचा, आणि टपावरच्या ट्रंका एकेक करून रानात उतरताहेत. आम्ही ओढ्यात उभे. बघता बघता धुरळ्यात सगळं दिसेनासं झालं.

पुढचं मला बापूंनी सांगितलं. बायका आरतीचं ताट घेऊन वेशीत उभ्या होत्या. मोटार वेशीकडं आलीच नाही. बैल घरचे, त्यांना वेशीचं काय काम? ते खळ्याच्या बाजूनं आत शिरले आणि मोटारीसकट आमच्या गोठ्यात जाऊन गव्हाणीपुढं उभे राहिले. वर कडब्याला तोंडही लावलं.

"या इवाई," बापू व्याह्यांना म्हणाले. "दमला असाल."

भाऊसाहेबांच्या मिशांपासून जोड्यापर्यंत नुसती काळी माती. ते तोंड उघडणार, एवढ्यात म्हातारी मोटारीतून उतरली. कुणाचाही हात न धरता उतरली आणि ताठ उभी राहिली! तिनं कंबरेवर हात ठेवून पाहिला, डावीकडं वळून पाहिलं, उजवीकडं वळून पाहिलं.

"भाऊ, कंबर सुटली रे!" ती म्हणाली. "तुझ्या गुळगुळीत रस्त्यांनीच धरली होती मेली!"

"अगं पण आई, ही काय मोटार आहे?"

"दारात आली ना? दाराच्याही आत आली. गप बस."

मग कुणाच्या तरी लक्षात आलं, की मुलाचे वडील आले, आजी आली, पण मुलगा कुठं आहे? सूर्य टेकला होता. भटजी मांडवात पाटावर उठबस करत होते. कौसा बाशिंग बांधून आत बसलेली, आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. तेवढ्यात वेशीवरून आरोळी आली, "नवरदेव येऊ लागला!"

भाऊसाहेब दचकले. "म्हणजे आत्ता येतोय, की आजपासून रोज येणार?"

"आधी एकदा लगीन लागू द्या," बापू म्हणाले.

आम्ही ढेकळांतून धापा टाकत आलो. नवरदेवाच्या एका पायात जोडा, बाशिंग कानावर. माझ्या डोक्यावर वाटेत सापडलेल्या दोन ट्रंका. तशाच अवतारात त्याला बोहल्यावर उभा केला आणि गोरज टळता टळता अक्षता पडल्या. अंतरपाट बाजूला झाला तेव्हा कौसा रडता रडता हसत होती. ते पाहून माझा जीव भांड्यात पडला. तेवढ्यासाठी मी आणखी चार ट्रंका आणल्या असत्या.

गोष्ट इथं संपायला हरकत नव्हती. पण दुसऱ्या दिवशी पाठवणी. रहीमभाईनं मोटारीचं पुढचं झाकण उघडलं, आत पाहिलं आणि मयत झाकावी तसं हळूच लावून टाकलं. इंजिन गेलं होतं. बैलगाडी सजवली, तर म्हातारी अडून बसली. "मी ह्याच मोटारीत जाणार, आणि सूनही माझ्याजवळ ह्याच मोटारीत बसणार. बैल लावा!"

बैल लावले. भोंगा काढून घेतला. आता पुढं बसून बैल हाकायला माणूस पाहिजे. आमचे सगळे गडी लग्नाचं जेवून आडवे झालेले. सगळ्यांच्या नजरा माझ्याकडं वळल्या. मी लग्नाचा नवा काळा कोट घालून, हातात चाबूक घेऊन मोटारीच्या पुढच्या झाकणावर बसलो. मागं काचेआड कौसा मुसमुसत होती. मलाही रडू आवरेना. पण माझं तोंड बैलांकडं होतं, त्यामुळं ते फक्त बैलांनी पाहिलं. परभणीच्या बाजारातून आमची स्वारी स्टेशनाकडं गेली तेव्हा दुकानं बंद करून लोक बघायला आले. माझ्याबरोबर मॅट्रिक झालेला एक जण तर टोपी काढून उभा राहिला.

कौसा सासरी सुखात नांदली. आणि भाऊसाहेब? त्यांनी पुढं जन्मभर दोन्ही देशांची तुलना केली, पण प्रामाणिकपणे केली. नगरला चारचौघांत ते सांगायचे, "रस्ते आमचेच चांगले. पण मोटार मोगलाईची! तिला धूर नाही, आवाज नाही, भाडं नाही. फक्त हाकायला एक मॅट्रिक पास मेव्हणा लागतो."